इंजिन नंबर, चांदणीसह

"पाव्हणं, पाय जरा मागं घ्या. साखळी तुटली तर स्टूल वाचंल, तुमचं पाय न्हाईत वाचायचं."

हिंदुराव मेस्त्री साखळी ओढता ओढता मला हे सांगत होता. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या लँडमास्टर गाडीचं इंजिन तिवईला टांगून हवेत झुलत होतं. त्यातलं काळं तेल माझ्या उजव्या चपलेवर ठिबकत होतं आणि मी चप्पल न हलवता इंजिनाकडं बघत होतो. पाय मागं घ्यायला माझी हरकत नव्हती. पण पाय मागं घेताना नजर खाली जाते, आणि गिऱ्हाइकाची नजर खाली गेली की गॅरेजात काय काय घडतं हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे ऐकून माहीत होतं.

स्टूल मी घरूनच नेलं होतं.

"एवढं काय बघताय?" हिंदुरावनं विचारलं.

"काही नाही. बसलोय आपला."

"बसा की. आण्णाबी बसायचं हितंच. पर ते पेपर वाचायचं."

आण्णा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांची टिंबर मार्केटात लाकडाची वखार होती. तीस वर्षं त्यांची गाडी याच हिंदुरावच्या हातात होती आणि तीस वर्षांत त्यांनी त्याच्यावर एकदाही संशय घेतला नव्हता. मला हीच गोष्ट संशयास्पद वाटत होती.

माझंही चुकत नव्हतं. मी वजनमापे खात्यातून चारच महिन्यांपूर्वी निवृत्त झालो होतो. बत्तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनं उलटी करून बघितली होती. किलोच्या वजनाला खालून भोक पाडून आत लाख भरणारी माणसं मी पाहिली होती, तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवून वर देवाला हात जोडणारीही पाहिली होती. अशा माणसाला निवृत्तीच्या दिवशी नारळ देऊन घरी पाठवतात, पण त्याचे डोळे काही खात्यात जमा करून घेत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या हिच्या, म्हणजे कुमुदच्या, कोथिंबिरीच्या जुड्या हातावर तोलायला लागलो. तेव्हा कुमुद म्हणाली होती, "अहो, तुम्ही कुठंतरी जाऊन बसा बरं." ते 'कुठंतरी' मला उद्यमनगरात, हिंदुरावच्या गॅरेजात सापडलं.

त्याचं असं झालं. मामांचं वर्षश्राद्ध झालं, गणपती उठले, आणि दुसऱ्याच दिवशी मामींनी चहा पिता पिता जाहीर केलं, "गाडी बाहेर काढायची. हिंदुरावला सांगितलंय मी. मोठं इंजिन घालणार आहे."

मामी म्हणजे सासूबाई. वय शहात्तर, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. कुमुद एकुलती एक, म्हणजे मीही एकुलता एक जावई. गाडीच्या बाबतीत माझा सल्ला विचारला जाईल अशी माझी समजूत होती. तो कुणी विचारला नाही, म्हणून मी आपणहून दिला.

"मोठं कशाला, मामी? आहे त्याचंच काम करून घेऊ. चांगलं इंजिन आहे."

"आहे ते लहान आहे."

"याच इंजिनावर मामा पन्हाळा चढायचे."

"मामा चढायचे," मामी म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला. "त्रिपुरी पौर्णिमेला मला पन्हाळ्यावर जेवायला जायचंय. याच गाडीनं, मोठ्या इंजिनानं. तेवढं बघा, जावईबापू."

तेवढं बघा म्हणाल्या, म्हणून मी बघत बसलो.

शहात्तर वर्षांच्या बाईला गाडीचं इंजिन पुढं असतं की मागं हेही सांगता आलं नसतं. तिला लहानमोठं कुणी शिकवलं? उत्तर उघड होतं. हिंदुरावनं इचलकरंजीच्या एका कापडवाल्याची मोडीत निघालेली कंटेसा हेरून ठेवली होती. तिचं अठराशे सीसीचं इंजिन मामींच्या गळ्यात मारायचं, आणि वाटेत ते बदलून भलतंच एखादं दमेकरी इंजिन आत ढकलायचं, असा त्याचा बेत असणार हे मला पहिल्याच दिवशी कळलं. जुनं इंजिन तर मी त्याच संध्याकाळी हातगाडीवर घालून मामींच्या शेडमध्ये पोचवलं आणि त्याला साखळीनं कुलूप लावलं. हातगाडीवाला विचारत होता, "सायेब, ह्ये चावतंय व्हय?"

नव्या इंजिनाचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. ते गॅरेजातच राहणार, आणि मी रात्री स्टुलावर झोपू शकत नव्हतो. झोपायला कुमुदची ना नव्हती.

इंजिनावर नंबर असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबराचा छाप उमटतो. आर्टीओवाले फायलीला हाच छाप लावतात. मी रोज सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम हे छापाचं करू लागलो, आणि कालच्या छापाशी ताडून बघू लागलो.

चौथ्या दिवशी हिंदुराव म्हणाला, "पाव्हणं, घ्या छाप, माझं काय न्हाई. पर रोज घिऊन करताय काय? नंबर वाढत न्हाई त्यो."

मी हसलो. पण विचार केला, हा एवढा निर्धास्त कसा? नंबर काय, कुणीही खरवडून नवा ठोकू शकतो. बत्तीस वर्षांत मी एक शिकलो होतो, दुसऱ्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही, आपला शिक्का मारायचा. आणि माझ्याजवळ शिक्का होता. निवृत्तीच्या वेळी एका तराजू दुरुस्त करणाऱ्यानं मला एक छोटा पोलादी पंच भेट दिला होता. ठोकला की ज्वारीच्या दाण्याएवढी चांदणी उमटायची, पाच टोकांची. "तुमची आठवण म्हणून," असं तो म्हणाला होता. त्यात काही टोमणा असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

एका दुपारी हिंदुराव प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून घ्यायला लेथवर गेला. इंजिन लाकडी ओंडक्यावर बसवलेलं होतं. मी नंबराच्या अगदी शेजारी पंच टेकवला आणि हातोडीचा एकच ठोका घातला. चांदणी सुरेख उमटली. तिच्यावर ग्रीसचं बोट फिरवलं आणि स्टुलावर येऊन बसलो. कितीतरी दिवसांनी मला शासकीय समाधान लाभलं.

हिंदुराव परत आला. इंजिनाभोवती एक चक्कर मारली, फडक्यानं हात पुसले, माझ्याकडं बघितलं.

"चहा घेणार का, पाव्हणं?"

"घेऊ की."

बस, एवढंच बोलला.

काम मात्र त्याचं बघण्यासारखं होतं, हे मला तेव्हाही कबूल करावं लागत होतं, मनातल्या मनात. मोठं इंजिन त्या जुन्या पोटात मावत नव्हतं. त्यानं समोरचा पत्रा ठोकून दोन बोटं मागं सारला, इंजिनाचे पाय नव्यानं बनवून घेतले, रेडिएटर पुढं सरकवला. गिअरचा दांडा पूर्वी स्टीअरिंगला होता, तो आता खाली आला, त्यासाठी तळाला भोक पाडलं. भोक पाडण्याआधी त्यानं गाडीला हात लावून नमस्कार केला. मी तेही लक्षात ठेवलं. चिंचेचा गोळा लावणारेही नमस्कार करायचे.

कोजागिरीला गाडी सुरू झाली. आवाज असा, की शेजारच्या वेल्डरनं चष्मा वर करून बघितलं. आणि कोजागिरीपासूनच एकेक भानगड दिसायला लागली.

पहिली भानगड मैलांची. संध्याकाळी घरी जाताना मी काट्यावरचा आकडा डायरीत टिपून ठेवायचो. सकाळी दहाला यायचो तर आकडा सात-आठ मैलांनी वाढलेला. असं सलग चार दिवस झालं.

"मेस्त्री, गाडी कुठं जाऊन आली?"

"ट्रायल, पाव्हणं."

"रोज?"

"मोठं इंजिन बसवलं की ट्रायल लांबच घ्याय लागती. आन् त्यो काटा काय धरू नका. गिअरबॉक्स बदलल्याली हाय, काटा खोटं बोलतोय."

हे मला! बत्तीस वर्षं काट्यांवर नोकरी केलेल्या माणसाला! काटा कधी खोटं बोलत नसतो. त्याला कुणीतरी बोलायला लावतं.

दुसरी भानगड सीटची. लँडमास्टरची पुढची सीट एकसंध, बाकासारखी. ती सकाळी पार पुढं सरकलेली असायची. हिंदुराव चांगला सहा फुटी माणूस. तो असा गुडघे छातीशी घेऊन ट्रायल का घेत होता? आणि घेत तर असणार, कारण रोज सकाळी तो गुडघे चोळत फिरायचा. आरसाही खाली वाकवलेला. क्लचच्या पायट्यावर एक लाकडी ठोकळा ठोकलेला. मी वाकून बघितलं, साग होता, उत्तम जुना साग.

"हा कशाला?"

"क्लच खाली जातोय."

"क्लच खाली जातो तर क्लच दुरुस्त करतात. वर सुतारकाम करत नाहीत."

"ट्रायल हाय," हिंदुराव म्हणाला.

आणि मग एके दिवशी सीटच्या फटीत मला केसांचा आकडा सापडला. त्याच दिवशी डिकीत एक गुंडाळलेला पुठ्ठा दिसला, वर लाल रंग लागलेला. मी उलगडून बघणार तोच हिंदुरावनं डिकी खाडकन बंद केली. "बोटं सांभाळा, पाव्हणं."

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नसराई तोंडावर आलेली. जुन्या झोकाची गाडी, केसांचा आकडा, लाल अक्षरांचा पुठ्ठा, त्यावर दुसरं काय असणार, 'शुभविवाह'! हा माणूस माझ्या सासऱ्यांची गाडी पहाटे पहाटे नवरी आणायला भाड्यानं देत होता.

घरी येऊन मी कुमुदला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"पहाटे पाचला कुणाचं लग्न लागतं हो?"

"गोरज नसेल, दुसरा कुठला मुहूर्त असेल."

"आणि नवरी क्लचवर ठोकळा ठेवून बसते?"

"तू चेष्टा कर. मी मामींना सांगणार आहे."

कुमुदचे हात थांबले. "आईला काही सांगू नका. ती रोज पहाटे काकड्याला जाते, दमते बिचारी." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला उद्या आईवरसुद्धा संशय येईल."

"मामींवर? काहीतरीच काय."

तरी मी मामींकडं गेलो. म्हटलं, मामी, हिंदुरावचं लक्षण ठीक दिसत नाही. मामी वाती वळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मैल, सीट, आरसा, आकडा. आकडा मी कागदात बांधून पुरावा म्हणून नेला होता.

"असला तर असू दे," मामी म्हणाल्या. आकडा कागदातून घेतला आणि केसांत खोचला. "चांगला आहे की. टाकायचा कशाला?"

मला वाटलं, म्हातारपण. वस्तू टाकवत नाही.

त्रिपुरीच्या दोन दिवस आधी गाडी आर्टीओला न्यायची होती. मोठ्या इंजिनाची पुस्तकात नोंद झाल्याशिवाय पन्हाळा नाही, हे मामींनीच सांगून ठेवलं होतं. गाडी आता त्यांच्या नावावर, म्हणून सहीला त्याही आल्या. हिंदुरावनं गाडी चालवली, मी पुढं, मामी मागच्या सीटवर, मांडीवर कापडी पिशवी.

आर्टीओच्या आवारात तपासणीला एक तरुण इन्स्पेक्टर होता, निकम म्हणून. मामींना बघून त्यानं मान लववली, "या मावशी." मला तो संस्कारी वाटला. बॉनेट उघडलं, नंबराच्या जागेवर कागद ठेवून त्यानं पेन्सिल फिरवली, कागद उचलला आणि उजेडात धरला.

"हे काय आहे?"

त्यानं फायलीतून कंटेसाचा जुना छाप काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले. "या छापात चांदणी नाही. या छापात आहे. इंजिन नंबराच्या शेजारी कुणीतरी पंच चालवलाय. नंबर बदलणारे आधी असंच हात बसवून बघतात." त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "गाडी इथंच राहील. पोलिसांना पत्र जाईल. काम कुणाकडं केलं?"

मी खिशातल्या पंचावर वरून हात ठेवला.

हिंदुरावनं माझ्याकडं बघितलं. मग वळून मागच्या काचेतून मामींकडं बघितलं. "माझ्याकडं," तो म्हणाला. "माझ्याच हातनं पडला असंल पंच, सायेब."

"पडला? पाच टोकं सरळ येतील असा?"

"कामाच्या गडबडीत व्हतंय कवा कवा."

"मग तसं लेखी द्या. गॅरेजचं नाव, पत्ता. आणि इथून पुढं तुमच्याकडून येणारी प्रत्येक गाडी मी नखशिखांत तपासणार, सांगून ठेवतो."

हिंदुरावनं कागद बॉनेटवर ठेवला आणि लिहायला लागला. उद्यमनगरात तीस वर्षं ज्याच्या नावावर गाड्या डोळे मिटून पास होत आल्या, तो माणूस सावकाश, एकेक अक्षर जोडून आपलं नाव त्या कागदावर घालत होता. 'मी हिंदुराव' एवढं लिहून झालं तोवर मी गप्प होतो. वडिलांचं नाव लिहून झालं तरी गप्प. आणि खरं सांगतो, त्या वेळीसुद्धा माझ्या मनात काय आलं असेल? हा न केलेला गुन्हा इतक्या सहज कबूल का करतोय? याच्या मागं काहीतरी असणार!

तेवढ्यात मागची काच खाली झाली. "हिंदुराव, काय लिहिताय हो?"

"काय न्हाई, वैनी. सही मागत्यात."

तो खोटं बोलला, आणि मला ते ऐकून कळलं. दोन महिने मी ज्याच्या तोंडून खोटं निघायची वाट बघत बसलो होतो, त्याचं हे पाच मिनिटांतलं दुसरं उघड खोटं. दोन्ही माझ्यासाठी होती.

"साहेब," मी म्हणालो, "चांदणी माझी आहे."

निकमनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमची म्हणजे?"

"मी मारली. खूण म्हणून. इंजिन बदललं जाऊ नये म्हणून."

"कोण बदलणार होतं?"

मी हिंदुरावकडं बोट केलं नाही. पण सगळे तिकडंच बघायला लागले, हिंदुरावसकट.

"पंच कुठाय?"

पंच खिशातच होता. निकम म्हणाला, सिद्ध करा. मी माझी तपकिरीची पितळी डबी त्याच्या टेबलावर ठेवली, त्याच्याच पेपरवेटनं पंचावर ठोका घातला. त्यानं भिंग लावून दोन्ही चांदण्या ताडून बघितल्या. एक टोक जरा आखूड, दोन्हीकडं.

"नोकरी कुठं होती?"

"वजनमापे."

"अस्सं," निकम म्हणाला. हा 'अस्सं' त्यानं असा काही म्हटला की मला खात्यातून दुसऱ्यांदा निवृत्त झाल्यासारखं वाटलं.

प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं. आवारातल्या झाडाखाली टायपिंगवाला होता. त्यानं मला विचारून विचारून मजकूर केला: 'मी, दिनकर बाबूराव वडगावकर, वय ५८, निवृत्त, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर इंजिनावरील चांदणी मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, मेस्त्रीवरील संशयापोटी मारली असून त्यात मेस्त्रीचा काहीएक दोष नाही.'

"'संशयापोटी' ठेवू का 'गैरसमजातून' करू?" टायपिंगवाल्यानं विचारलं. "गैरसमज जरा बरा दिसतो."

"संशयच ठेवा," मी म्हणालो.

परत येताना हिंदुराव बरोबर होता. मी विचारलं, "मेस्त्री, चांदणी तुम्ही कधी बघितली?"

"त्याच दुपारी."

"मग घासून का नाही टाकली?"

"घासली असती म्हंजे?" हिंदुराव थांबला. "दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टुलावर बसून काय म्हणला असता, पाव्हणं? चांदणी गेली, इंजिन बदललं!"

मी तपकिरीची डबी काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं चिमूट घेतली, झाकणावरची चांदणी बघितली आणि शिंकला. आमच्यातला तेवढाच माफीनामा.

निकमनं कागद फायलीला लावला. बाकी नंबर स्वच्छ होता, कापडवाल्याची पावती जुळत होती. त्यानं नोंदीत लिहिलं: इंजिन नंबर अमुक अमुक, आणि पुढं, 'चांदणीसह'. मग म्हणाला, "आता गाडी चालवून दाखवा."

हिंदुराव डावीकडच्या दारानं आत बसला. मामी मागच्या सीटवरून उतरल्या, वळसा घालून उजवीकडं आल्या आणि स्टीअरिंगसमोर बसल्या. मला वाटलं, दार चुकलं. मी मदतीला धावलो.

"मावशी," निकम म्हणाला, "शिकाऊ लायसन आणलंय ना? गेल्या महिन्यात नेलेलं?"

"आणलंय की," मामींनी पिशवीतून काढून दाखवलं.

हिंदुरावनं खाली उतरून डिकीतला तो पुठ्ठा काढला आणि गाडीला अडकवला. त्यावर लाल रंगात एकच अक्षर होतं, एल. मामींनी केसांतला आकडा नीट केला, सागाच्या ठोकळ्यावर पाय ठेवला, पुढची सीट आणखी दोन बोटं पुढं ओढली. हिंदुरावचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. गाडी निघाली, आवाराला एक चक्कर मारून परत आली आणि पांढऱ्या पट्टीवर थांबली. अगदी पट्टीवर. एका काट्याचा फरक नाही.

घरी गेल्यावर मी कुमुदला एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणाली, त्यांना सांगू नको. ते पहाटे स्टूल घेऊन रस्त्यात येऊन बसतील."

त्रिपुरीला आम्ही निघालो. मामी चालवत होत्या, शेजारी गुडघे मुडपून हिंदुराव, मागं मी, कुमुद आणि कडबोळ्यांचा डबा. वाघबीळ मागं पडलं. चढ लागला. पहिल्या वळणावर मी डोळे मिटले, तिसऱ्या वळणावर उघडले, कारण काहीच झालं नव्हतं. इंजिन एका सुरात चाललं होतं.

"लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी ही गाडी आली," मामी एकदम बोलायला लागल्या, नजर रस्त्यावर. "मी म्हटलं, मला शिकवा. तर म्हणाले, ह्या गाडीचं इंजिन लहान आहे, नवशिक्याच्या हातात घाटात दम सोडतं. मोठ्या इंजिनाची घेतली की शिकवतो. मग दर दोन-चार वर्षांनी विचारायची. ते म्हणायचे, मोठं इंजिन येऊ दे."

समोरून एस.टी. आली, मामींनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, वाट दिली, पुन्हा रस्त्यावर आणली.

"मेस्त्री," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. जुन्या इंजिनावर मला जमलं नसतं?"

हिंदुरावनं बाहेरच्या दरीकडं बघितलं. म्हणाला, "जमलं असतं, वैनी. झ्याक जमलं असतं."

"मला ठाऊक आहे," मामी म्हणाल्या आणि गिअर बदलला.

"मग मामी, हा सगळा खटाटोप..." मी म्हणालो.

"ते तसं म्हणाले होते ना. म्हटलं, त्यांचा शब्द तरी खरा होऊ दे."

वर तटाशेजारी एका बाईकडं झुणका-भाकरी खाल्ली. मामींनी दोन भाकरी खाल्ल्या. मला त्यांची काळजी वाटत होती, चढण निराळी, उतरण निराळी. शिवाय मी चाळीस वर्षं गाडी चालवत होतो. हात धुऊन झाल्यावर मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "मामी, दमला असाल. येताना मी चालवू का?"

मामींनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ ओढून बघितली आणि माझ्याकडं फार मायेनं बघितलं.

"नको, जावईबापू. हे इंजिन मोठं आहे. तुम्ही लहान इंजिनाची घ्या, मग मी शिकवीन."